हप्त्याची किंमत : मासिक व वार्षिक विमाभरण्याचा तुलनात्मक इतिहास (इ.स. १८५४ पासून)

सारांश

विम्याची तीच रक्कम वर्षातून एकदा भरणारा आणि दरमहा थोडी थोडी भरणारा, या दोघांना सारखीच किंमत मोजावी लागत नाही. बहुतांश काळात तुकड्यांनी भरणाऱ्याने अधिक मोजले आहे. हा फरक किती असतो, तो कशामुळे निर्माण होतो आणि तो कमी करण्याचे कोणते प्रयत्न झाले, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे. त्यासाठी ब्रिटनमधील साप्ताहिक पेनी विमा, त्यावरील ब्रिटन व अमेरिकेतील दोन उपाय, ब्रिटनमधील मोटार विमा, भारतातील मोटार विमा आणि भारतीय आयुर्विमा महामंडळाची वेतन बचत योजना ही उदाहरणे अभ्यासली आहेत. हप्त्याची किंमत मुख्यतः वसुलीची व्यवस्था कोणाच्या हाती आहे यावरून ठरते, आणि कायद्याने हप्ता बंद केला तरी ती किंमत नाहीशी न होता दुसरीकडे सरकते, असा निष्कर्ष यातून निघतो.

बीजशब्द : विमाहप्ता, मासिक भरणा, औद्योगिक विमा, मोटार विमा, कलम ६४ व्हीबी, वेतन बचत योजना.

१. प्रस्तावना

मराठीत विम्यासाठी भरावयाच्या रकमेला आपण 'हप्ता' म्हणतो. हा शब्द फारसीतून आला. 'हफ्त' म्हणजे सात आणि 'हफ्ता' म्हणजे सात दिवसांचा आठवडा. पुढे ठराविक मुदतीने द्यावयाच्या कोणत्याही रकमेला हप्ता म्हणण्याचा प्रघात पडला. विम्याची रक्कम वर्षातून एकदाच भरली तरी आपण तिला हप्ताच म्हणतो. शब्दाच्या पोटात आठवडा दडलेला आहे, हे मात्र आपल्या ध्यानात राहत नाही. इंग्लंडमधील सर्वसामान्य कामगाराला विम्याची ओळख झाली ती मात्र खरोखरच आठवड्याच्या हप्त्याने. हा योगायोग आहे, पण प्रस्तुत विषयाच्या मुळाशी नेणारा आहे.

मोटारीचा विमा मासिक भरावा की वार्षिक, हा प्रश्न सकृद्दर्शनी घरगुती हिशोबाचा वाटतो. विमा कंपनीचे पत्रक हाती घेऊन कोणीही तो पाच मिनिटांत सोडवू शकेल, अशी आपली समजूत असते. तथापि ज्याच्यापाशी वर्षाची रक्कम एकरकमी आहे, त्याच्यापुरताच हा प्रश्न निवडीचा असतो. ज्याच्यापाशी ती नाही, त्याला निवड नसते. अशा माणसाने केवळ थोडे थोडे द्यावे लागते म्हणून अधिक द्यावे काय, हा प्रश्न गेली दीडशेहून अधिक वर्षे अर्थतज्ज्ञांसमोर, कायदेमंडळांसमोर आणि न्यायालयांसमोर वेगवेगळ्या रूपांत येत राहिला आहे. म्हणूनच तो इतिहासाच्याही कक्षेत येतो.

२. उद्दिष्टे, व्याप्ती व पद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे तीन आहेत : (१) मासिक वा साप्ताहिक भरण्याची अतिरिक्त किंमत कोणत्या घटकांतून तयार होते ते पाहणे, (२) ती कमी करण्यासाठी झालेल्या प्रमुख प्रयत्नांचे यशापयश तपासणे, आणि (३) या पार्श्वभूमीवर भारतातील मोटार विमा व आयुर्विमा यांतील भिन्न मार्गांचा अर्थ लावणे.

अभ्यासासाठी वर्णनात्मक व तुलनात्मक पद्धती स्वीकारली आहे. कायदे, समित्यांचे अहवाल, न्यायनिर्णय आणि दरपत्रके यांवर विवेचन आधारलेले आहे. जेथे उदाहरणादाखल रक्कम गृहीत धरली आहे तेथे तसे स्पष्ट म्हटले आहे. विम्याच्या रकमेला 'विमाहप्ता' आणि ती भरण्याच्या रीतीला 'भरणा' असे शब्द योजले आहेत, जेणेकरून दोहोंत घोटाळा होणार नाही.

भरण्याच्या अतिरिक्त किमतीत सामान्यतः तीन घटक असतात. पहिला, व्याज. वर्षाची रक्कम आरंभी न मिळाल्याने विमा कंपनी त्या रकमेवरील उत्पन्नाला मुकते. दुसरा, वसुलीचा खर्च. एकदा पावती फाडण्याऐवजी बारा वेळा किंवा बावन्न वेळा फाडावी लागते. तिसरा, खंडाचा धोका. मधेच भरणा थांबला तर पॉलिसी बंद पडते आणि आरंभीचा खर्च भरून निघत नाही. हे तीन घटक वेगवेगळे ओळखल्याशिवाय कोणता भाग न्याय्य आणि कोणता अन्याय्य, हे सांगता येत नाही.

३. पेनी विमा : दारात येणारा हप्ता

लंडनमध्ये १८४८ साली स्थापन झालेल्या प्रुडेन्शियल कंपनीने १८५४ मध्ये कामगारवर्गासाठी विम्याची स्वतंत्र शाखा उघडली. या प्रकाराला 'औद्योगिक विमा' असे नाव पडले. विम्याची रक्कम लहान, वैद्यकीय तपासणी बहुधा नाही आणि भरणा साप्ताहिक, अनेकदा केवळ एक पेनी. कामगाराला मजुरी आठवड्याने मिळत असे. त्यामुळे आठवड्याच्या मिळकतीला आठवड्याचाच हप्ता जुळत होता. कंपनीचा प्रतिनिधी ठरलेल्या वारी दारात येई, पेनी घेई आणि पुस्तकात नोंद करी. हा 'प्रूचा माणूस' पुढे इंग्रजी लोकजीवनातील एक परिचित व्यक्तिरेखाच होऊन गेला.

या विम्यामागील प्रेरणा समजून घेणे आवश्यक आहे. कामगार कुटुंबे प्रामुख्याने दफनाच्या खर्चासाठी विमा घेत. धर्मादायाच्या खर्चाने झालेले दफन ही त्या काळी कुटुंबाची मोठी मानहानी समजली जाई. ती टाळण्यासाठी घरातील स्त्री पोटाला चिमटा घेऊन पेनी बाजूला ठेवी. हा व्यवहार अविचाराचा नव्हता. ज्याच्या हाती एका वेळी चार शिलिंगही साठत नाहीत, त्याच्यापुढे वर्षाचा विमा हा पर्यायच नसतो.

तरीही त्याची किंमत जबर होती. आठवड्याला एक पेनी म्हणजे वर्षाला ५२ पेन्स, अर्थात ४ शिलिंग ४ पेन्स. ही क्षुल्लक रक्कम गोळा करण्यासाठी एका माणसाने वर्षातून बावन्न वेळा जिना चढावयाचा. १९४२ साली प्रसिद्ध झालेल्या बेव्हरिज अहवालाने या व्यवसायाचा हिशोब मांडला. औद्योगिक विम्यात जमा होणाऱ्या प्रत्येक पौंडातील सुमारे ७ शिलिंग ६ पेन्स खर्चात जात असल्याचे त्यात दाखविले आहे. पौंड २० शिलिंगांचा असल्याने हे प्रमाण सुमारे साडेसदतीस टक्के होते. या प्रमाणाने पाहिले तर वर्षाच्या ५२ पेन्सांपैकी साडेएकोणीस पेन्स विम्यासाठी नव्हे, तर विमा गोळा करण्यासाठी खर्च होत. वार्षिक भरणा करणाऱ्या मध्यमवर्गीयाच्या विम्यात हे प्रमाण बरेच कमी होते. बेव्हरिज यांनी या व्यवसायाचे सार्वजनिक सेवेत रूपांतर करावे अशी शिफारस केली. ती शिफारस स्वीकारली गेली नाही. दफनखर्चाची तरतूद मात्र सामाजिक विम्याच्या नव्या व्यवस्थेत समाविष्ट झाली.

खंडाचा धोकाही मोठा होता. बेकारी आली किंवा घरात आजारपण आले की पेनी थांबे आणि पॉलिसी बंद पडे. अशा बंद पडलेल्या पॉलिसींवर भरलेली रक्कम बहुधा बुडत असे. १९२३ च्या इंग्लंडमधील औद्योगिक विमा कायद्याने विमेदारास काही संरक्षण दिले, त्यामागे हाच अनुभव होता. थोडक्यात, ज्याला विम्याची सर्वाधिक गरज त्याच्याच पॉलिसीला खंड पडण्याची सर्वाधिक शक्यता, असा हा विरोधाभास होता.

४. दोन उपाय : टपाल खाते आणि बचत बँक

या महागड्या वसुलीवर उपाय शोधण्याचे दोन प्रयत्न विशेष उल्लेखनीय आहेत.

पहिला प्रयत्न इंग्लंडचे तत्कालीन अर्थमंत्री विल्यम ग्लॅडस्टन यांचा. त्यांच्या पुढाकाराने १८६४ मध्ये संमत झालेल्या कायद्यान्वये टपाल कार्यालयांतून लहान रकमेचा सरकारी विमा विकण्याची सोय झाली. कंपन्यांच्या कारभारावर ग्लॅडस्टन यांनी संसदेत कठोर टीका केली होती. सरकारी विमा सुरक्षित होता आणि त्यात दारोदार वसुलीचा बोजा नव्हता. तरीही तो लोकप्रिय झाला नाही. अल्पशा पॉलिसी विकल्या गेल्या आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस ती योजना गुंडाळली गेली. कारण साधे होते. टपाल कार्यालयातून कोणीही दारात येत नव्हते. आठवडाभर राबलेल्या माणसाने स्वतः टपाल कार्यालयात जाऊन भरणा करावा, अशी तिची अपेक्षा होती. वसुली करणारा माणूस काढून टाकल्यावर किंमत घटली खरी, परंतु विमेदारही घटले.

दुसरा प्रयत्न अमेरिकेतील. न्यूयॉर्क राज्यात १९०५ साली आर्मस्ट्राँग समितीने आयुर्विमा कंपन्यांच्या गैरव्यवहारांची चौकशी केली. त्या निमित्ताने बोस्टनचे वकील लुई ब्रँडाइस, जे पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, यांनी कामगारांच्या साप्ताहिक विम्याचा अभ्यास केला. बचत बँकांनीच प्रतिनिधी व वसुली कारकून न नेमता विमा विकावा, अशी योजना त्यांनी मांडली. १९०७ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने तसा कायदा केला. ही योजना टिकली, स्वस्तही राहिली. परंतु तिनेही मोठ्या कंपन्यांचा साप्ताहिक विमा विस्थापित केला नाही.

या दोन्ही उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. वसुलीचा खर्च हा केवळ कंपनीचा लोभ नव्हता. त्यात एक सेवा दडलेली होती : मिळकत हाती येताच, ती खर्च होण्यापूर्वी, तिचा एक अंश बाजूला काढण्याची सेवा. ती सेवा स्वस्तात कशी देता येईल हा खरा प्रश्न होता. ग्लॅडस्टन यांनी सेवाच काढून टाकली, म्हणून त्यांचा स्वस्त विमा पडून राहिला.

५. ब्रिटनमधील मोटार विमा : वसुली स्वस्त, हप्ता महाग

मोटार विमा प्रथम श्रीमंतांचा होता, म्हणून तो वार्षिक होता. तो सक्तीचा झाल्यावर चित्र पालटले. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने १९२७ पासून मोटार विमा सक्तीचा केला. ब्रिटनमध्ये १९३० च्या रोड ट्रॅफिक कायद्याने त्रयस्थ पक्षाच्या इजेसाठीचा विमा अनिवार्य ठरविला. सक्ती आणि मोटारींचा प्रसार यांमुळे एकरकमी वार्षिक भरणा न झेपणारा वर्गही विमेदार झाला. यापुढे विमा न घेण्याचा पर्यायच कायद्याने काढून घेतला होता. त्यामुळे भरण्याच्या रीतीला विशेष महत्त्व आले.

ब्रिटनमध्ये मासिक भरणा हा पुष्कळदा विम्याचा नव्हे, तर कर्जाचा करार असतो. कंपनी वा तिची सहयोगी वित्तसंस्था वर्षाची रक्कम आगाऊ भरते आणि विमेदार ती दरमहा व्याजासह फेडतो. म्हणूनच १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या चौकटीत वार्षिक प्रभावी व्याजदर जाहीर करण्याची अपेक्षा येथेही लागू होते. हा दर पाहिल्याशिवाय खरी किंमत कळत नाही, हे पुढील उदाहरणावरून दिसेल.

समजा, वार्षिक विमाहप्ता ६०० पौंड आहे आणि मासिक भरण्यासाठी १० टक्के अधिक आकार आहे. म्हणजे एकूण ६६० पौंड, दरमहा ५५ पौंड. वरवर पाहता हे १० टक्के व्याज वाटते. परंतु पहिले ५५ पौंड आरंभीच भरावयाचे असल्याने प्रत्यक्षातील कर्ज ५४५ पौंडांचेच आहे. तेही दरमहा घटत जाते आणि अकरा महिन्यांत फिटते. सरासरीने ही रक्कम केवळ सहा महिने वापरावयास मिळते. त्यावर ६० पौंड द्यावयाचे म्हणजे वार्षिक प्रभावी व्याजदर सुमारे साडेतेवीस टक्के होतो. दहा टक्क्यांचा आकडा आणि साडेतेवीस टक्क्यांचे वास्तव यांतील अंतर हेच या व्यवहाराचे मर्म आहे.

हे उदाहरण काल्पनिक असले तरी वास्तवापासून दूर नाही. ब्रिटनच्या वित्तीय आचरण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये विमाहप्त्याच्या कर्जपुरवठ्याचा विशेष अभ्यास हाती घेतला. तेव्हा २० ते ३० टक्क्यांच्या घरातील वार्षिक दर आकारले जात असल्याचा प्रश्न पुढे आला होता. गरिबाला त्याच वस्तूसाठी अधिक मोजावे लागते, या वस्तुस्थितीकडे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डेव्हिड कॅप्लोविट्झ यांनी १९६३ मध्येच लक्ष वेधले होते. ब्रिटनमध्ये ब्रिस्टल विद्यापीठातील अभ्यासकांनी २०१६ मध्ये हा 'गरिबीचा अधिभार' अल्प उत्पन्न कुटुंबामागे सरासरी वर्षाला ४९० पौंड इतका अंदाजिला. विम्याच्या मासिक भरण्याचा आकार हा त्याचाच एक घटक होय.

येथे इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा असा की, ब्रिटनमध्ये १९६८ पासून बँकांमधील स्वयंचलित भरण्याची केंद्रीय संगणकीय व्यवस्था उपलब्ध होती. जिना चढणारा माणूस गेला. वसुलीचा खर्च पेनी विम्याच्या तुलनेत नगण्य झाला. तरी हप्त्याचा आकार त्या प्रमाणात उतरला नाही. पेनी विम्याच्या काळी जो आकार वसुलीच्या नावाने घेतला जाई, तो आता व्याजाच्या नावाने घेतला जाऊ लागला. पहिल्या काळात कंपनीला आपल्या बाजूने सांगता येण्याजोगे कारण होते. दुसऱ्या काळात ते पुष्कळच दुबळे झाले आहे.

६. भारतातील मोटार विमा : हप्ता नाकारणारा कायदा

भारताने मोटार विम्यात अगदी वेगळी वाट धरली. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातील त्रयस्थ पक्ष विम्याची सक्ती १ जुलै १९४६ पासून अमलात आली. १९७१ मध्ये सर्वसाधारण विमा कंपन्यांचे व्यवस्थापन सरकारने ताब्यात घेतले आणि १९७३ च्या आरंभापासून राष्ट्रीयीकृत व्यवस्था सुरू झाली. तत्पूर्वीच, १९६८ च्या दुरुस्ती कायद्याने १९३८ च्या विमा कायद्यात कलम ६४ व्हीबी घालण्यात आले होते. या कलमाचे सूत्र थोडक्यात असे : विमाहप्ता आगाऊ मिळाल्याखेरीज विमा कंपनीने जोखीम स्वीकारू नये. उधारीवर विमा देण्याच्या आणि हप्ता थकविण्याच्या प्रथेला आळा घालणे हा त्याचा हेतू होता. नियमांत काही अपवाद ठेवले गेले, परंतु सामान्य मोटारमालकाला भरणा एकरकमीच करावा लागला. मासिक की वार्षिक, हा प्रश्न अशा रीतीने भारतीय कायद्याने उद्भवूच दिला नाही.

या कलमाची कसोटी न वटलेल्या धनादेशांच्या खटल्यांत लागली. धनादेश दिला, पॉलिसी मिळाली, धनादेश परत आला आणि दरम्यान अपघात झाला, तर काय? सर्वोच्च न्यायालयाने १९९८ च्या इंदरजित कौर खटल्यात त्रयस्थ पीडिताच्या बाजूने निर्णय दिला. कंपनीने पॉलिसी दिली असेल तर त्रयस्थ पक्षाप्रत तिची जबाबदारी टळत नाही, असे त्यात ठरले. २००१ च्या सीमा मल्होत्रा खटल्यात मात्र वाहनमालकाच्या स्वतःच्या नुकसानीपुरता वेगळा निर्णय झाला : ज्याचा हप्ताच पोचला नाही, त्याला भरपाई मागता येणार नाही. २००८ च्या देडप्पा खटल्यात, अपघातापूर्वीच पॉलिसी रद्द करून तसे कळविले असेल तर कंपनी त्रयस्थ पक्षालाही बांधील राहत नाही, असे न्यायालयाने म्हटले. या तीन निर्णयांतून असे दिसते की, भरण्याला खंड पडला तर त्याचा फटका अखेर कोणाला बसावा, हा प्रश्न केवळ विमेदार आणि कंपनी यांच्यातील नाही. रस्त्यावरून पायी जाणारा तिसरा माणूसही त्यात गुंतलेला असतो. मोटार विम्यात मासिक भरण्याची मुभा देण्याबाबत भारतीय कायदा सावध राहिला, त्याचे सबळ समर्थन येथे सापडते.

परंतु एकरकमी भरण्याची अटही निर्दोष नाही. नवीन वाहनाचा पहिला विमा विक्रेत्याकडेच होतो. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाची वेळ आली की अनेक दुचाकीमालक ते टाळतात. रस्त्यावरील वाहनांचा फार मोठा हिस्सा विनाविमा धावतो, ही बाब संसदीय स्थायी समितीच्या अहवालातही नोंदली गेली आहे. यावर उपाय म्हणून एस. राजसीकरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये दिलेल्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारींना तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकींना पाच वर्षांचा त्रयस्थ पक्ष विमा एकदम घेणे बंधनकारक झाले. जगात अन्यत्र वर्षाचे महिने पाडले जात असताना भारतात वर्षांची मोळी बांधली गेली.

एकदम घेतलेली वस्तू स्वस्त पडते, हा व्यापारातील सर्वसाधारण नियम. येथे तो लागू पडला नाही. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १००० ते १५०० घन सेंटीमीटर क्षमतेच्या खासगी मोटारीचा त्रयस्थ पक्ष विमाहप्ता वर्षाला ३,४१६ रुपये होता, तर नव्या मोटारीचा तीन वर्षांचा एकत्रित हप्ता १०,६४० रुपये. वार्षिक दराची तिप्पट १०,२४८ रुपये होते. ७५ ते १५० घन सेंटीमीटरच्या दुचाकीचा वार्षिक हप्ता ७१४ रुपये, तर पाच वर्षांचा ३,८५१ रुपये. वार्षिक दराची पाचपट मात्र ३,५७० रुपयेच होते. भविष्यात भरपाईच्या रकमा वाढत जाणार, ही शक्यता या दरांत धरलेली असते. पुढील दरवाढीपासून संरक्षण मिळते, हा विमेदाराचा लाभ आहे, हेही मान्य केले पाहिजे.

खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. ही रक्कम आपल्याकडे 'ऑन रोड' किमतीत धरली जाते आणि पुष्कळ वाहने कर्जावर घेतली जातात. कर्ज त्या संपूर्ण किमतीवर मिळाले, तर विमाहप्ताही कर्जात जातो. समजा, १०,६४० रुपये तीन वर्षांसाठी १० टक्के वार्षिक दराने कर्जाऊ घेतले. दरमहा सुमारे ३४३ रुपये याप्रमाणे छत्तीस महिन्यांत सुमारे १२,३६० रुपये फेडावे लागतील, म्हणजे व्याजापोटी सुमारे १,७२० रुपये अधिक. कायद्याने मासिक भरणा नाकारला. वाहनकर्जाच्या मासिक हप्त्यातून तो परत आला. फरक इतकाच की, आता तो विम्याचा हप्ता आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही. ज्याने रोख रकमेने वाहन घेतले त्याला हा बोजा नाही. दुचाकीचे कर्ज १० टक्क्यांहून पुष्कळदा महाग असते, हे लक्षात घेता अल्प उत्पन्नगटावरील भार अधिकच जड होतो.

७. वेतन बचत योजना : एक वेगळा मार्ग

आयुर्विम्यात मात्र भारतात भरण्याच्या रीती पूर्वीपासून अनेक आहेत. टपाल खात्याने १८८४ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी सुरू केलेला टपाल आयुर्विमा मासिक भरण्यावरच उभा राहिला. १९५६ मध्ये भारतीय आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. महामंडळाच्या पारंपरिक योजनांत दीर्घकाळ पुढील नियम होता : दरपत्रकातील रकमेवर वार्षिक भरण्यास ३ टक्के सूट, सहामाही भरण्यास दीड टक्का सूट, तिमाही भरण्यास काही नाही आणि मासिक भरण्यास ५ टक्के अधिक आकार. मात्र वेतन बचत योजनेखाली मालकाने पगारातून कपात करून रक्कम पाठविल्यास हा ५ टक्के आकार माफ.

या नियमाचा हिशोब मांडून पाहण्यासारखा आहे. दरपत्रकातील रक्कम वर्षाला १,२०० रुपये समजा. वार्षिक भरणा करणारा सूट वजा जाता १,१६४ रुपये भरतो. स्वतः दरमहा भरणारा १०५ रुपयांप्रमाणे १,२६० रुपये भरतो. वेतन बचत योजनेतील कर्मचारी १०० रुपयांप्रमाणे १,२०० रुपये भरतो. वार्षिक भरण्याच्या तुलनेत स्वतः मासिक भरणारा सुमारे १९ टक्के प्रभावी व्याज देतो, तर वेतन बचत योजनेतील कर्मचारी केवळ सुमारे ७ टक्के. विमा तोच, कंपनी तीच, रकमेचा महिनाही तोच. बदलला तो फक्त रक्कम गोळा करणारा हात.

ग्लॅडस्टन यांना जे साधले नाही ते येथे काही अंशी साधले. पगार हातात पडण्यापूर्वीच अंश बाजूला निघतो, म्हणजे पेनी गोळा करणाऱ्याची सेवा कायम राहिली. परंतु ती सेवा शेकडो कर्मचाऱ्यांच्या एकाच यादीतून आणि एकाच धनादेशाने होऊ लागली, म्हणजे तिचा खर्च घटला. खंडाचा धोकाही कमी झाला, कारण नोकरी टिकेतोवर कपात टिकते. आपल्यापैकी अनेकांच्या वेतनपत्रकात या कपातीचा रकाना वर्षानुवर्षे आहे. तो आपण क्वचितच वाचतो. त्या रकान्यामागे एका जुन्या सामाजिक प्रश्नाचे एक चांगले उत्तर आहे.

पण हे उत्तर कोणासाठी? ज्याला नियमित वेतन आहे, ज्याचा मालक संघटित क्षेत्रातील आहे आणि ज्याच्या कार्यालयात कपातीची यादी करणारा लिपिक आहे, त्याच्यासाठी. रोजंदारीवरील मजूर, रिक्षाचालक, घरकाम करणारी स्त्री, किंवा तासिका तत्त्वावर शिकविणारा आपलाच सहकारी, यांना ते उपलब्ध नव्हते. तासिका तत्त्वावरील प्राध्यापकाचे मानधन अनेकदा काही महिन्यांनी एकदम येते. त्याच्या मिळकतीला ना मासिक भरणा जुळतो, ना वार्षिक. एकाच शिक्षककक्षात बसणाऱ्या दोघांपैकी कायम सेवेतील सहकाऱ्याला स्वस्त हप्ता आणि अस्थिर मिळकतीच्या सहकाऱ्याला महाग हप्ता, ही विषमता आपल्या डोळ्यांसमोरच होती.

२०१४ नंतरच्या महामंडळाच्या अनेक योजनांत मासिक भरणा बँकेतून स्वयंचलित कपातीने किंवा वेतनातूनच स्वीकारला जाऊ लागला आणि पूर्वीचा ५ टक्के आकार मागे पडला. वार्षिक भरण्यावरील सूट तुलनेने अल्प राहिली. आरोग्य विम्यातही विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये मासिक वा तिमाही भरण्याची मुभा दिली. या बदलांमुळे बँकखाते असलेल्या, पण नोकरी नसलेल्या माणसालाही काही प्रमाणात वेतनदारासारखी सोय लाभली. वसुलीचा खर्च घटला की हप्त्याचा आकार घटविणे शक्य असते, याचा हा पुरावा आहे. ब्रिटनमधील मोटार विम्यात तसे पुरेशा प्रमाणात घडले नाही, म्हणून तेथील प्रश्न अधिक तीव्र भासतो.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) मासिक वा साप्ताहिक भरण्याचा अधिक आकार हा व्याज, वसुली आणि खंडाचा धोका या तीन घटकांचा बनलेला असतो. एकोणिसाव्या शतकात वसुलीचा घटक प्रबळ होता. संगणकीय भरण्याच्या काळात तो क्षीण झाला आहे.

(२) वसुलीची सेवाच काढून टाकून विमा स्वस्त करण्याचा प्रयत्न निष्फळ ठरतो, हे इंग्लंडच्या टपाल विम्याने दाखविले. सेवा कायम ठेवून तिचा खर्च सामुदायिक रीतीने कमी करणे शक्य असते, हे वेतन बचत योजनेने दाखविले.

(३) अधिक आकाराची टक्केवारी आणि प्रत्यक्ष व्याजदर यांत दुपटीहून अधिक अंतर पडू शकते. म्हणून आकाराऐवजी वार्षिक प्रभावी दर सांगणे विमेदाराच्या हिताचे आहे.

(४) कायद्याने हप्ता नाकारल्यास त्याची किंमत नाहीशी होत नाही. भारतातील मोटार विम्यात ती वाहनकर्जात शिरली, आणि जेथे कर्ज मिळाले नाही तेथे ती विनाविमा वाहनाच्या रूपाने रस्त्यावर आली. तिचा भार अखेर अपघातग्रस्त त्रयस्थावर पडतो.

(५) मोटार विमा सक्तीचा आहे. जी वस्तू घेण्याची सक्ती राज्यसंस्था करते, ती वस्तू गरिबाला श्रीमंताहून महाग पडू नये, हे पाहण्याची जबाबदारीही तिच्यावर येते. त्रयस्थाचे संरक्षण अबाधित ठेवून, म्हणजे भरण्याला खंड पडला तरी पीडिताची भरपाई न थांबविता, अल्प दराने मासिक भरण्याची सोय दुचाकीमालकांना देता येईल काय, याचा विचार धोरणकर्त्यांनी करावयास हवा.

पेनी गोळा करणारा माणूस आता कोणाच्याही दारात येत नाही. त्याच्या जिन्यांचा खर्च गरिबाच्या हिशोबातून वजा झाला की नाही, हे पाहण्यासाठी विम्याच्या दरपत्रकाइतकेच वाहनकर्जाचे कागदही वाचावे लागतील.